पाचशे नव्वद मिळवावे

लोहाऱ्याच्या अलीकडं तीन कोसांवर एक मोठं गाव आहे. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. का, ते पुढं कळेल. गोष्ट अठ्ठावन्न सालची. त्या गावच्या शाळेत दोन माणसांना मान होता. एक हेडमास्तर नारायणराव, कारण ते हेडमास्तर होते. दुसरे शरणबसप्पा कारकून, कारण गावातल्या यच्चयावत पोरांचं वय त्यांच्या ताब्यात होतं.

हे वयाचं प्रकरण वाटतं तितकं साधं नव्हतं. पोर शाळेत घालायला आणलं की शरणबसप्पा चष्मा पुसून विचारायचे, "कधीचं हाय?" बाप म्हणायचा, "आमची कपिली पहिल्यांदा व्याली, त्याच्या म्होरल्या साली." आई म्हणायची, "येळ अमावस्या हून आठ दिस झालते बगा." रजिस्टरात कपिली चालत नाही आणि येळ अमावस्याही चालत नाही. मग शरणबसप्पा पेटी उघडून पोलीस पाटलाकडून आणलेलं जन्ममृत्यूचं जुनं बुक काढायचे. ते उर्दूत होतं, कारण निजामाच्या राज्यात सरकारी कागद उर्दूतच असायचा. आणि अख्ख्या शाळेत उर्दू वाचणारा माणूस हा एकटाच. उजवीकडून डावीकडं बोट फिरवत जायचं, मधेच थांबायचं आणि म्हणायचं, "हां, सापडलं तुमचं पोरगं." बाप बिचारा हात जोडायचा.

बुकात साल असायचं ते फसली. महिने आजूर, दै, बहमन, खुर्दाद असे. आजूर म्हणजे साधारण आपला ऑक्टोबर, आणि वर्ष तिथून सुरू. या फसली सालाचं इसवी साल कसं करायचं, हे शरणबसप्पांना तहसिलीतल्या एका म्हाताऱ्या पेशकारानं सांगितलं होतं. पोलीस ॲक्शन होऊन महिना झाला होता, पेशकार गाव सोडून निघाला होता, आणि वळकटी बांधता बांधता त्यानं सांगितलं, "पाचसौ नब्बे मिलाव, बस." शरणबसप्पांनी पुढं शाळेत आल्यावर ते पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात लिहून टेबलामागं भिंतीला लावलं: 'फसली सनात ५९० मिळवावे.' आठ वर्षांत तीनशेवर पोरं त्या पुठ्ठ्याखालून रजिस्टरात गेली. एकाच्याही बापानं तक्रार केली नाही.

शरणबसप्पांची स्वतःची कथा मात्र इतकी सुतासारखी सरळ नव्हती. घरात कानडी, गल्लीत मराठी आणि दफ्तरात उर्दू, अशा तीन दगडांवर पाय ठेवून हा माणूस वाढला. दहा वर्षं उस्तादापुढं मांडी घालून उर्दू शिकला. गावातल्या लिंगायतांत दफ्तरात चिकटलेला पहिलाच. अक्षर असं, की तहसीलदारसाहेब दरख्वास्त वाचायच्या आधी नुसती बघत बसायचे. हे ते स्वतःच सांगायचे, तेव्हा त्यातलं थोडं कमी करून घ्या. पण अक्षर खरोखर देखणं होतं. मग अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात राज्य बदललं आणि ते देखणं अक्षर आठ दिवसांत कुणाच्या कामाचं राहिलं नाही. तहसिलीतून त्यांना घरी बसवलं. वर्षभर बायकोच्या भावाच्या दुकानात सुपाऱ्या कातरल्या. शेवटी शाळेला जुनं बुक वाचणारा कुणी मिळेना, म्हणून हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. नेमणूक तात्पुरती. ती दरसाल जूनमध्ये एका कागदानं वाढायची, आणि तो कागद येईपर्यंत शरणबसप्पांना अन्न गोड लागायचं नाही. अठ्ठावन्न साली तर वरून हुकूम आला होता, की येत्या डिसेंबरात सगळ्या तात्पुरत्या लोकांची दफ्तरं तपासणार. ज्याचं काम चोख, तो कायम; बाकीच्यांना रजा.

त्यांना तीन मुली. थोरली शिवगंगा, घरात गंगी. अंगानं काटकुळी, पुढचे दोन दात जरा मोठे, आणि गळा असा की काय सांगावं. मठात सोमवारी भजन असायचं. तिथं ही बायकांत बसून गायला लागली, की टाळवाले टाळ वाजवायचे विसरायचे. मठातली म्हातारी शांतम्मा देवापेक्षा हिचीच वाट बघायची. विहिरीच्या रहाटाचा आवाज, एसटीचा भोंगा, नारायणरावांचं खाकरणं, जे कानावर पडेल ते ही पोरगी हुबेहूब गळ्यातून काढायची आणि आईचा मार खायची.

चैत्रात मठाची जत्रा झाली. सोलापूरहून सिद्रामप्पा गवई गायला आले होते. तिकडं एका धर्मादाय मंडळानं गायनशाळा चालवली होती, तिथले ते मुख्य शिक्षक. जत्रेत त्यांनी गंगीला ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दत्त म्हणून शरणबसप्पांच्या दारात उभे राहिले.

"ही पोरगी मला द्या," सिद्रामप्पा ओसरीवर बसता बसता म्हणाले. "जेवणखाण, राहणं सगळं मंडळाचं. मुलींची सोय माझ्या घरात आहे, दोघी आधीच आहेत. माझी बायको त्यांना लेकीसारखं बघते. आठ वर्षं द्या. मग बघा."

"आन् साळा?" शरणबसप्पांनी विचारलं.

"आमचीही शाळाच की. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गाणं. मराठी-गणित तासभर."

"मंजी मॅट्रिक न्हाय."

"मॅट्रिक नाही."

शरणबसप्पांनी मान हलवली. त्याच जूनपासून गावात हायस्कूल सुरू होत होतं. नारायणरावांनी चारचौघांत सांगितलं होतं, की पहिल्या वर्गात दोन तरी मुली पाहिजेत आणि त्यातली एक आमच्या कारकुनाची. मॅट्रिक झाली की मास्तरीण होईल, दरमहा सरकारचा पगार घेईल, कुणाच्या दारात उभी राहायची वेळ येणार नाही. शरणबसप्पांच्या डोळ्यांपुढं ते चित्र पक्कं बसलं होतं.

"बुवा, रागावू नगा," ते म्हणाले. "म्या धा वर्सं उर्दू शिकलो. लई जीव लावून शिकलो. राज्य बदललं आन् सगळं मातीत गेलं. गाण्याचं काय सांगावं? उद्या लोकान्ला नकोच झालं, तर माझी पोर काय करंल? मॅट्रिकचा कागुद कुटल्याबी राज्यात चालतो."

सिद्रामप्पांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "जूनच्या आत कळवा. आमच्याकडं बारा पूर्ण झालेलं मूल घेत नाहीत. गळा त्याआधी हातात यावा लागतो, आणि मंडळाचा नियमही तसाच आहे." चहा घेऊन ते गेले.

मग घरात रोज तोच विषय. जगदेवी, म्हणजे शरणबसप्पांची बायको, भाकरी थापता थापता म्हणायची, "पोरीला तरी इचारा की कुणी." विचारलं, तर पोरगी म्हणाली, "म्या दोनी करते. सकाळी साळा, दुपारी सोलापूर." त्यावर धाकट्या दोघी खो खो हसल्या. शरणबसप्पाही हसले. एखाद्याला काही निवडता येत नाही म्हणून तो दोन्ही मागतो. यांना दोन्ही देता येत नव्हतं आणि एक ठरवता येत नव्हतं. शाळेत बसले की हायस्कूल बरं वाटायचं. सोमवारी मठात बसले की वाटायचं, आपण कोण हिला अडवणारे?

मे महिन्यात नव्या हायस्कुलाची पुस्तकं आणायला ते सोलापूरला गेले. दुकान उघडायला वेळ होता. पाय आपोआप गायनशाळेकडं वळले. आत न जाता ते खिडकीपाशी उभे राहिले. आत गंगीएवढीच एक मुलगी बसली होती आणि सिद्रामप्पा तिच्याकडून एकच सूर लावून घेत होते. सूर लागायचा, बुवा मान हलवायचे, पुन्हा. पुन्हा. न रागावता, न थकता, अर्धा तास तो एकच सूर. शरणबसप्पा बघत राहिले आणि त्यांना त्यांचे उस्ताद आठवले. एक नुक्ता, म्हणजे अक्षरावरचं नुसतं टिंब, तो जागेवर पडावा म्हणून उस्ताद असेच तासभर बसवून ठेवायचे. आपण कंटाळायचो नाही. घरी येताना बोटं शाईनं काळी असायची आणि मन कसं भरून आलेलं असायचं. ती दहा वर्षं पुढं फुकट गेली खरी. पण आयुष्यात तेवढी दहाच वर्षं आपण सुखात होतो, हे त्यांना त्या खिडकीपाशी उभं असताना पहिल्यांदा कळलं. डोळे पुसून ते पुस्तकांच्या दुकानाकडं गेले.

घरी येऊन पिशवी ठेवायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "गंगी सोलापूरला जाईल. ठरलं." जगदेवी बघतच राहिली. गंगीनं धाकट्या दोघींना धरून अंगणात असा काही पिंगा घातला, की तुळशीजवळची कळशी लवंडली आणि त्या दिवशी तिला कुणी मारलं नाही.

आता उरला होता फक्त दाखला. तो तर घरचाच कारभार. शनिवारी शाळा सुटल्यावर शरणबसप्पांनी रजिस्टर उघडलं आणि स्वतःच्या अक्षरातली स्वतःच्या लेकीची नोंद काढली. फसली १३५६, खुर्दाद. इसवी १९४६, एप्रिल. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. बारा पूर्ण होऊन महिना उलटला होता. ते तसेच घरी आले आणि जगदेवीला म्हणाले, "राहिलं. पोरीला बारा झाली. महिनाभरानं हुकलं."

"कुणाला बारा झाली?" जगदेवी म्हणाली. "गंगीला? अकरा."

"रजिस्टरात बारा हाय."

"मंग बाळंत कोण झालतं? तुमचं रजिस्टर का म्या?" जगदेवीनं पिठानं भरलेले हात कमरेवर ठेवले. "रझाकारांच्या पळापळीत आमी सोलापूरकडं चालत गेलो, तवा ही माझ्या काखंत व्हती. दीड वर्साची. पाय सुदीक नीट टाकत नव्हती. तुमच्या हिशेबानं तवा अडीच वर्साची हुती का? अडीच वर्साचं पोरगं म्या काखंत घिऊन कोस कोस चालले असते व्हय?"

ती पळापळ शरणबसप्पांनाही आठवत होती. वाटेत पोरगी त्यांनीही घेतली होती. वजन कळत होतं ते दीड वर्षाच्या पोराचं. पण रजिस्टर चुकलं, असं म्हणायला त्यांची जीभ वळेना. तसेच उठले आणि शाळेत गेले. शिपायाकडून किल्ली घेतली, खोली उघडली आणि कोरा कागद घेऊन बसले.

चूक सापडायला फार वेळ लागला नाही. सापडली तेव्हा वाटलं, इतकी साधी गोष्ट आठ वर्षांत आपल्याला दिसू कशी नाही? फसली साल ऑक्टोबरात बदलतं. इसवी साल जानेवारीत. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर पाचशे नव्वद मिळवले की बरोबर येतं. पण जानेवारी उजाडला की इसवी साल एकानं पुढं जातं आणि फसली आहे तिथंच राहतं. तिथून पुढं सप्टेंबरपर्यंत मिळवायला पाहिजेत पाचशे एक्क्याण्णव. पेशकार खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलं तो महिना ऑक्टोबर होता, आणि त्या दिवशी पाचशे नव्वदच बरोबर होते. बिचाऱ्याला वाटलं असेल, हा आजच्यापुरतं विचारतोय. शरणबसप्पांनी ते जन्मभरासाठी भिंतीला लावलं.

मग त्यांनी रजिस्टराचं एकेक पान उलटलं. गंगी एकटी नव्हती. पाटलाचा मुलगा, सुताराच्या दोघी, मठपतीचा नातू. जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत जन्मलेलं प्रत्येक पोर वर्षानं म्हातारं झालं होतं. सव्वादोनशे पोरं. प्रत्येक ओळीखाली तेच वळणदार अक्षर आणि तीच सही. बाहेर शिपाई विचारत होता, "अप्पा, कुलूप लावू का?" शरणबसप्पांनी रजिस्टर मिटलं आणि पेटीत ठेवलं.

सोमवारी ते नारायणरावांपुढं उभे राहिले. नारायणराव पुण्याकडचे, शिस्तीचे, पण मनानं चांगले.

"साहेब, पोरीची तारीख चुकलीय. खुर्दाद सत्तेचाळीसचा पायजे, छेचाळीसचा पडलाय."

"चूक कशी झाली?" नारायणरावांनी विचारलं.

शरणबसप्पांनी सांगितलं. सांगता सांगता आपल्या खोलीतल्या पुठ्ठ्याकडं हात केला आणि लगेच खाली घेतला.

नारायणराव हळूच म्हणाले, "म्हणजे फक्त हिचीच नाही."

"न्हाय, साहेब."

"किती?"

शरणबसप्पांनी मान खाली घातली. नारायणरावांनी पुन्हा विचारलं नाही.

"हे बघा," ते म्हणाले, "एकदा पडलेली जन्मतारीख मला खोडता येत नाही. वर लिहावं लागेल. ते विचारतील, चूक का झाली. कारण सांगितलं, की म्हणतील सगळं रजिस्टर घेऊन या. डिसेंबरात तुमचं दफ्तर तपासणार आहेत, शरणबसप्पा. तात्पुरत्या माणसाची अशी चूक सापडली, तर माझ्या शब्दाचा काही उपयोग होणार नाही. तीन मुली आहेत तुम्हांला." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला. "मी काही ऐकलं नाही. तुम्ही काय ते ठरवा. लिहायचं म्हणालात, तर मी लिहीन."

कुणी रागावलं असतं, अंगावर ओरडलं असतं, तर शरणबसप्पांना बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं. इथं भांडायचं कुणाशी? नारायणराव खरं तेच बोलत होते. पेशकारही खरं तेच बोलला होता. जगदेवी तर खरी होतीच. सगळे खरे आणि मधल्यामधे एक पोर अडकलेली, आणि तिला अडकवणारा हात आपला. ते खोलीत परत आले आणि दाखला लिहायला बसले. सत्तेचाळीस लिहावं असं हाताला फार वाटलं. पण दाखल्यावर रजिस्टराचा नंबर टाकावा लागतो. त्यांनी शेहेचाळीस लिहिलं, खाली सही केली आणि दाखला नारायणरावांच्या शिक्क्यासाठी ठेवला.

तरीही जूनच्या पहिल्या आठवड्यात ते गंगीला घेऊन सोलापूरला गेले. का गेले, हे त्यांना विचारू नका. जगदेवीनं पोरीचे दोन परकर, नवी चोळी, चिवड्याचा डबा असं गाठोडं बांधलं होतं. ते सोडा म्हणायचा धीर त्यांना झाला नाही. शिवाय मनात कुठं तरी वाटत होतं, की मोठ्या शहरातली माणसं एखाद्या महिन्याकडं डोळेझाक करतील.

गायनशाळेत सिद्रामप्पांबरोबर मंडळाचे चिटणीस बसले होते. गंगी गायली. चिटणीसांनी वाचत होते तो कागद खाली ठेवला आणि ऐकत राहिले. गाणं संपल्यावर सिद्रामप्पा नुसतं म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं?" मग त्यांनी आतून बायकोला हाक मारली. ती गंगीला तिची जागा दाखवायला घेऊन गेली. "ही तुझी खुंटी, इथं परकर अडकवायचा," असं आतून ऐकू आलं.

चिटणीसांनी दाखला हातात घेतला. वाचला. कपाळाला आठी पडली.

"बारा पूर्ण झालीत की."

"कागदावर," सिद्रामप्पा म्हणाले. "तिच्याकडं बघा जरा. ही पोरगी बाराची दिसते?"

चिटणीस हसले. "खेड्यातल्या तारखा आम्हांला काय नवीन आहेत का? अहो, यात अडून बसण्यासारखं काही नाही." त्यांनी शरणबसप्पांपुढं एक छापील अर्ज सरकवला. "इथं पालकाचं म्हणणं लिहायचं. शाळेतली नोंद चुकलेली आहे, खरी तारीख अमुक. खाली सही. आम्ही शाळेला आणि शिक्षणखात्याला रीतसर पत्र टाकू. ते नोंद दुरुस्त करून घेतील. संपलं. मुलगी आजपासून आमची."

इतकं सोपं होतं ते. दोन ओळी. त्याही खऱ्या. शरणबसप्पांनी टाक उचलला, शाईत बुडवला. आतून गंगीचं हसणं ऐकू येत होतं. त्या दोन मुलींशी तिची गट्टी जमली होती. टाक कागदावर टेकला, आणि त्यांच्या डोळ्यांपुढं ते पत्र उभं राहिलं. पत्र खात्यात जाईल. खात्यातून साहेब येईल. पेटी उघडेल, रजिस्टर निघेल, सव्वादोनशे ओळी आणि सव्वादोनशे सह्या. पुन्हा मेव्हण्याचं दुकान, पुन्हा सुपाऱ्या. या वेळी तीन लेकींसह. चिटणीस वाट बघत होते. टाकावरून शाईचा एक थेंब कागदावर पडला.

त्यांनी टाक खाली ठेवला.

"नोंद बरुबर हाय," शरणबसप्पा म्हणाले.

सिद्रामप्पा दचकले. "काय म्हणता? अहो, दोन ओळींचं तर काम आहे..."

"नोंद बरुबर हाय. पोरीला बारा पुरी झालीत."

"नोंद कुणी केलीय?" चिटणीसांनी विचारलं.

"म्या."

"मग प्रश्नच मिटला," चिटणीस म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता. "स्वतःच्या मुलीसाठीही खोटं लिहून दिलं नाहीत. अशी माणसं हल्ली कुठं मिळतात?" त्यांनी दाखला परत दिला. सिद्रामप्पा शरणबसप्पांकडं न बघता आत गेले. थोड्या वेळानं गंगी गाठोडं घेऊन बाहेर आली.

स्टँडवर गाडीला तासभर वेळ होता. दोघं बाकावर बसली. गंगी रडली नाही. गाठोडं मांडीवर घेऊन ती विचार करत होती. मग म्हणाली, "अप्पा, तुमी बारा म्हनलात."

"व्हय."

"आई तर अकरा म्हनती."

शरणबसप्पा समोरच्या घड्याळाकडं बघत राहिले.

"तुमचं चुकलं असंल," गंगी म्हणाली. "माजं बी पाढ्यात हुतं असं. चला की, परत जाऊन सांगू या. गाडीला येळ हाय अजून."

ते उठले नाहीत. काय सांगणार होते तिला? चुकलं होतं हे खरं होतं, आणि परत जाता येत नव्हतं हेही खरं होतं. अकरा वर्षांच्या पोरीला यातलं पहिलं सांगितलं की दुसरं सांगावं लागलं असतं. त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मधून मधून घड्याळाकडं बघायची आणि म्हणायची, "अजून अर्धा तास हाय, अप्पा." मग, "अजून पंधरा मिन्टं हायत. म्या पळत जाऊन सांगून यीन." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले, तेव्हा तिनं तेही पाहिलं. त्यानंतर ती घड्याळाकडं बघेनाशी झाली.

गाडी लागली. जागा मिळाली. नळदुर्गाचा रस्ता लागला तशी कंडक्टर तिकिटं फाडत फाडत त्यांच्यापाशी आला.

"पोरीचं हाफ का फुल? बारा झालीत का?"

शरणबसप्पांनी तोंड उघडलं. गंगीनं एकदा वडिलांकडं बघितलं, गाठोडं जवळ ओढून घेतलं आणि कंडक्टरला म्हणाली,

"फुल. मला बारा पुरी झालीत."